साथीला लॅपटॉप

ऑर्केस्ट्राला गेल्यावर पडदा वर गेला रे गेला की मी आधी वादक मोजतो. गाणी, गायक, निवेदकाचे शेर आणि विनोद, हे सगळे मागाहून. ही खोड वडिलोपार्जित आहे. तिकिटाच्या रकमेला वादकांच्या संख्येने भागले की कार्यक्रम स्वस्त का महाग हे पहिल्या गाण्याच्या आतच कळते, असे आमच्या वडिलांचे गणित होते. सातारला एकदा त्यांनी एका ऑर्केस्ट्रात बावीस डोकी मोजली. त्या रात्री घरी येईपर्यंत त्यांचा चेहरा निम्म्या भावात कंदी पेढे मिळाल्यासारखा खुलला होता. गाणी कशी झाली असे आईने विचारले, तर म्हणाले, "सात तर नुसती व्हायोलिनंच होती!"

सांगली ही माझी सासुरवाडी. तिथे मध्यंतरी मेव्हण्याने जुन्या गाण्यांच्या एका कार्यक्रमाला आग्रहाने नेले. पडदा वर गेला. मी मोजायला लागलो. गायक चार, निवेदिका एक. वादक म्हणाल तर एक कीबोर्डवाला, एक ऑक्टापॅडवाला आणि एक ढोलकीवाला. झाले. आणखी एक चष्मा लावलेला पोरगा कोपऱ्यात टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. गर्दी बघता तो करमणूक कराचा माणूस असावा, असे माझ्या शेजारच्या गृहस्थांनी त्यांच्या शेजारच्यांना सांगितले. एवढ्यात त्या पोराने एका बोटाने एक बटण दाबले आणि सभागृहात एकदम साठ व्हायोलिने वाजू लागली.

मी पुन्हा मोजले. रंगमंचावर व्हायोलिन शून्य. सतार ऐकू आली, सतार शून्य. बासरी झाली, मेंडोलिन झाले, एक मोठी थोरली घंटाही झाली. कीबोर्डवाल्याचे दोन्ही हात एव्हाना पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडण्यात गुंतलेले होते.

"अहो, डोळे मिटून ऐका की," आमची ही म्हणाली. "तुम्हांला गाणं ऐकायला बोलावलंय, खानेसुमारीला नाही."

डोळे मिटले. आणि खरे सांगतो, डोळे मिटल्यावर कार्यक्रम झकास होता. पण मग डोळे मिटून ऐकायचे तर घरी पलंगावर पडून ऐकता आले असते. तिथे डास होते हे खरे, पण वाहनतळाचे वीस रुपये नव्हते.

मध्यंतरात मेव्हण्याने मला बटाटेवड्याबरोबर ज्ञान दिले. ज्या गाण्यात गाणारा सोडून बाकी सगळे भरलेले असते, त्याला ट्रॅक म्हणतात. म्हणजे मांडव, अक्षता, भटजी, वाजंत्री सगळे तयार. फक्त नवरदेव कुणीही आणून उभा करायचा. या ट्रॅकला दोन वाटा असतात. एका वाटेने संगीत सभागृहात जाते. दुसऱ्या वाटेने फक्त वादकांच्या कानात 'टक् टक् टक् टक्' असा ठोका जातो. या ठोक्याला क्लिक म्हणायचे. ढोलकीवाल्याच्या कानात ते बोंड असते ना, त्यातून त्याला ही टकटक ऐकू येत असते. ती सोडून तो बोटभर इकडे-तिकडे झाला की साठ व्हायोलिने एकीकडे आणि ढोलकी दुसरीकडे. म्हणून बिचारा गाणाऱ्याकडे बघतसुद्धा नाही. बघून करायचे काय?

आता यातली गंमत अशी की दोन वायरी दिसायला अगदी सारख्या असतात. सातारच्या एका स्नेहसंमेलनात कुणीतरी त्या उलटसुलट लावल्या. निवेदिकेने "आता ऐकू या एक हळुवार भावगीत" असे म्हणून दिवे मंद करायला सांगितले आणि अंधारातून एक गोरा माणूस मोठ्यांदा म्हणाला, "वन, टू, थ्री, फोर." पाठोपाठ टकटक सुरू झाली. साठ व्हायोलिनांची मेजवानी एकट्या ढोलकीवाल्याच्या कानात चालली होती आणि तो प्रसन्न मुद्रेने माना डोलवत होता. लोकांना वाटले हा काहीतरी नवीन प्रकार आहे. पुढच्या दोन रांगांनी त्या टकटकीवर टाळ्यांचा ताल धरला. गायिका मुरलेली होती. तिने ध्रुवपद गाऊन पुरे केले. पुष्पगुच्छ देताना अध्यक्षांनी 'प्रयोगशीलता' हा शब्द दोनदा वापरला.

माझी तक्रार यंत्राबद्दल आहे असे कुणी समजू नये. गाण्यात यंत्र शिरले की नाके मुरडायची ही आपली फार जुनी रीत आहे आणि दर वेळी नाके उगीच वाकडी झालेली आहेत. ज्या पेटीशिवाय आज आपले भजन हलत नाही, तिच्यावर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली होती. तिच्यात मींड येत नाही, तिचे सूर आपले नव्हेत, असे मोठमोठ्यांचे म्हणणे. रवींद्रनाथ ठाकुरांचाही तिच्यावर राग होता. ही बंदी उठायला १९७१ साल उजाडले. तोवर पेटीने महाराष्ट्रातली सगळी देवळे, सगळी नाटके आणि निम्म्या मुलींची लग्ने जमवून दाखवली होती. मिरजेत तर दीडशेहून अधिक वर्षे तंबोरे आणि सतारी बनताहेत, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि त्याच मिरजेत गाणे शिकणारी मुले खिशातल्या मोबाइलवर तंबोरा लावून रियाज करतात. करू देत. मोबाइलवरचा तंबोरा बापडा 'सा' धरून बसतो. तुम्ही कुठे वळणार, कुठे थांबणार, यात तो तोंड घालत नाही.

फार कशाला, वरातीत ज्या पुंगीवर आपले मामे-मावस भाऊ जमिनीवर लोळतात, ती 'नागिन' चित्रपटातली १९५४ सालची पुंगी मुळात पुंगीच नव्हे. क्लॅव्हायोलिन नावाचे विजेवर चालणारे वाद्य होते ते, आणि वाजवले होते कल्याणजींनी, आनंदजींची जोडी जमून नावारूपाला यायच्या आधी. सत्तर वर्षे सारा देश एका यंत्राच्या तालावर फणा काढतो आहे. कुणाचे काही बिघडले नाही. कारण यंत्रावर एका माणसाची बोटे होती.

मला खटकते ते दुसरेच. आपल्या भाषेत गाण्यामागे वाजवणाऱ्याला शब्द आहे 'साथ'. 'साथीला अमुक' असे निमंत्रणपत्रिकेवर छापतात. साथ करणे म्हणजे बरोबर चालणे. म्हातारी आई बरोबर असली की आपण पाऊल आखडते घेतो, ती देवळापाशी थांबली की थांबतो. हिला स्टँडवर चप्पल तुटल्यामुळे लंगडत यावे लागले तर आपणही शक्यतो पुढे पळत नाही. साथीदाराचे निम्मे काम वाजवणे आणि निम्मे काम सांभाळून घेणे. गायक अंतरा विसरला, सांभाळून घे. श्वास पुरला नाही, सांभाळून घे. एक मात्रा आधीच आला, त्याच्याबरोबर गुपचूप आधी ये, आणि लोकांना कळू देऊ नकोस. लॅपटॉप यातले काही करत नाही. तो ठरल्या वेळी निघतो, ठरल्या वेळी पोचतो, मधल्या थांब्यावर कुणी हात केला तरी थांबत नाही. म्हणजे हल्ली लॅपटॉप गायकाला साथ करत नाही. गायक लॅपटॉपला साथ करतो. मग छापावे तसे. 'मुख्य कलाकार : लॅपटॉप. साथीला : चार गायक.'

हे मी सांगलीकरांना सांगावे म्हणजे कमालच झाली. पडद्यामागून, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून गाऊन घेण्याची कल्पना मराठी माणसाला पहिल्यांदा सुचली ती सांगलीतच. चित्रपटवाले १९३५ सालच्या 'धूप छाँव'पासून पार्श्वगायनाचा इतिहास मोजतात. पण १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले तेव्हा पात्रे हावभाव करीत आणि पदे गात होता सूत्रधार. पुढे राम, सीता आणि आरडाओरडा करीत येणारा राक्षस. एका बाजूला टाळ-मृदंगाच्या साथीत गाणारा सूत्रधार. आता फरक बघा. राक्षसाची मिशी आयत्या वेळी सुटली, तर सूत्रधाराला ते दिसत होते. त्याला एखादे पद आणखी दोनदा घोळवता येत होते. एवढ्यात मिशी बसली की राक्षस हजर. हाच राक्षस आज ट्रॅकवर यायचा असता, तर त्याची आरोळी मिशीच्या आधी दीड मिनिट रंगमंचावर पोचली असती.

आणि वन्समोअर? बालगंधर्वांचे नागठाणे पलूस तालुक्यातले. (सातारकरांचे नागठाणे निराळे, ते हायवेवर आहे, आणि त्यावरून सासुरवाडीत माझे दोनदा भांडण झालेले आहे.) बालगंधर्वांच्या पदांना किती वन्समोअर पडत याच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण वन्समोअर म्हणजे तेच पद पुन्हा तसेच, असा त्याचा अर्थ नव्हता. दुसऱ्या खेपेला पद नव्या वाटेने जायचे, आणि तबल्यावर थिरकवाँसारखा माणूस असला म्हणजे ती वाट किती लांब जाईल याचा नेम नसायचा. नाटक पहाटेपर्यंत लांबत असे ते उगीच नव्हे. त्या सांगलीच्या कार्यक्रमात मागच्या रांगेतून एकजण मोठ्या उमाळ्याने "वन्समोअर!" ओरडला. त्याला दुसरा अंतरा हवा होता. चारही गायकांनी कोपऱ्यातल्या पोराकडे पाहिले. पोराने लॅपटॉपकडे पाहिले. मग गाणे घंटेपासून पुन्हा सुरू झाले. तीच घंटा, तीच साठ व्हायोलिने, तीच बासरीची लकेर, आणि दुसरा अंतरा यायला साडेतीन मिनिटे. तोवर ओरडणारे गृहस्थ बाहेर तंबाखू मळायला गेले होते.

लग्नाच्या वरातीत हा प्रकार आणखी स्पष्ट दिसतो. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत वरातीला बेंजो लागतो. या बेंजोचे मूळ जपानात आहे. १९१२ साली निघालेल्या तैशोगोतो नावाच्या वाद्याचा हा आपल्याकडे वाढलेला वंशज. टंकलेखन यंत्राशी लग्न लागलेल्या सतारीसारखा तो दिसतो आणि ट्रॉलीवर बसून वाजवतात. बेंजोवाल्याचे सगळे लक्ष नाचणाऱ्यांकडे असते. नवरदेवाच्या मामाने तोंडात रुमाल धरून नाग होऊन जमीन गाठली की बेंजोवाला पुंगीची तीच ओळ धरून ठेवतो. मामाचे वय, वजन आणि गुडघे बघून तो अंदाज बांधतो. मामा उठेपर्यंत ओळ संपत नाही. दुसरा कुणी दहाची नोट दातात धरून गारुडी झाला तर तिची लय वाढते, नोट ट्रॉलीवर पोचली की उतरते. याला मी संगीत म्हणतो. आता ट्रॉलीवर पेनड्राइव्ह लावलेला असतो. दोन ट्रंपेटवाले ट्रंपेट घेऊन उभे असतात, पण मला त्यांच्या गालांचा संशय येतो. ते फुगत नाहीत. परवा एका लग्नात पुंगी संपून पुढचे गाणे लागले, आणि नवरदेवाचे मामा अजून जमिनीवरच होते. वरात चार पावले पुढे गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात आले.

वरातीच्या बाबतीत एक गोष्ट सांगून टाकतो. सातारा-सांगलीकडे भिंतीएवढ्या कर्ण्यांना 'डॉल्बी' म्हणतात. डॉल्बी हे एका माणसाचे आडनाव आहे. या रे डॉल्बी नामक गृहस्थांनी १९६५ साली कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. आवाज कमी करण्यात ज्याने आयुष्य घालवले, त्याच्या नावाने आपण खिडक्यांच्या काचा हलवतो.

तमाशाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सांगलीजवळचे कवलापूर हे काळू-बाळूंचे गाव. पठ्ठे बापूराव वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. वाईजवळच्या पसरणीला शाहीर साबळे १९२३ साली जन्मले. या मातीत गाणे म्हणजे गाणाऱ्याने आणि मागच्यांनी मिळून ओढायची गाडी. शाहिराला ठसका लागला तर झीलकरी 'जी जी' जरा लांबवतात. शाहीर पाणी पिऊन येतो. लोकांना वाटते काय रंग भरला! आणि ढोलकीवाला? लावणीत त्याची नजर नाचणारीच्या पावलावरून हलत नाही. ती गिरकी कुठे तोडणार हे तिला कळायच्या आधी त्याला कळलेले असते, आणि त्याने तोडा असा काही मारला की तिला कधी नव्हे ती आणखी एक गिरकी घ्यावीशी वाटते. दोघांची ही चढाओढ बघायला लोक उसाच्या फडातून येत. आज जत्रेतल्या कितीतरी कार्यक्रमांत ढोलकी रेकॉर्डवर वाजते आणि नाचणारी रोज तिथेच गिरकी तोडते. तिला पाऊल मुरगळले असले तरी तिथेच. ढोलकीला तिचे पाऊल दिसत नाही.

आणि वीज जाते तेव्हा! सातारा जिल्ह्यातल्या एका जत्रेत हे मी डोळ्यांनी पाहिले. भर गाण्यात दिवे गेले, कर्णे मुके झाले. पूर्वी असे झाले की ढोलकी-टाळ चालूच राहायचे, पुढच्यांना गाणे ऐकू यायचे, मागचे शिट्ट्या मारायचे, आणि कुणाच्या तरी मोटारसायकलच्या उजेडात कार्यक्रम चालायचा. इथे सगळे ठप्प. गायक मात्र हाडाचा. तो तसाच खड्या आवाजात गात राहिला. लोकांनी ताल धरला. इथवर छान. पण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. कर्णे बंद पडले तरी तो मनातल्या मनात वाजवतच होता. दोन मिनिटांनी जनरेटर सुरू झाला आणि कर्ण्यांतून धाडकन शेवटचे कडवे बाहेर पडले. गायक पहिल्या कडव्यात, ट्रॅक तिसऱ्यात. त्या गाण्यात पहिल्या कडव्यात प्रेयसी भेटते आणि तिसऱ्यात सोडून जाते. गायकाला मधले सुख एका उडीत ओलांडावे लागले.

"दाजी, तुम्ही एक बाजूच बघता," मेव्हणा म्हणाला. त्याचे म्हणणे मी प्रामाणिकपणे मांडतो. मंडळाची वर्गणी आहे तेवढीच. वीस वादक न्यायचे म्हणजे वीस जेवणे, वीस बिदाग्या, एक मोठी गाडी आणि तिचे डिझेल. तिघांत भागत असेल तर ऑर्केस्ट्राच्या मालकाने काय घर विकावे? हे खरे आहे. शिवाय आपण रसिक मंडळी त्याला काय म्हणून दाद देतो? 'हुबेहूब!' पन्नास वर्षे आपण ऑर्केस्ट्राला एवढी एकच दाद देत आलो. हुबेहूब मुकेश, हुबेहूब किशोर, ती बासरी हुबेहूब रेकॉर्डसारखी. रेकॉर्डसारखेच हवे असेल, तर रेकॉर्डपेक्षा रेकॉर्डसारखे दुसरे काय असणार? पुण्याच्या मेलडी मेकर्ससारख्या वाद्यवृंदांनी हुबेहूबपणा घाम गाळून मिळवला होता. चार व्हायोलिनांतून चाळीसांचा भास करायचा म्हणजे चारांनी जिवाच्या कराराने वाजवावे लागते. तो भासच बघायला लोक यायचे. आता भास राहिला नाही, चाळीस खरोखरच ऐकू येतात. पण ते चाळीसजण कधीच मुंबईला आपापल्या घरी निघून गेलेले असतात.

तरी या ट्रॅकचे एक पुण्य मी मान्य करतो, आणि ते लहान नाही. कराओके. सातारा काय, सांगली काय, कराड काय, जिथे जिथे पेन्शन आहे तिथे तिथे कराओके मंडळ आहे. आमच्या शेजारचे निवृत्त मामलेदार आयुष्यभर फक्त सात-बाऱ्यावर सह्या करत होते. आता दर शनिवारी गळ्यात मफलर घालून तलत गातात. त्यांच्यासाठी कोण वीस वादक बोलावणार होते? गाणे त्यांच्या पट्टीचे नसले तर पोरगा बटण दाबून काळी एकचे पांढरी सात करून देतो. शहनाई थोडी डासासारखी गुणगुणते, पण मामलेदार सुखात असतात. एकदा फुकटातला ट्रॅक लावला होता. ऐन विरहाच्या जागी गाणे थांबून एक बाई दातांच्या पेस्टविषयी उत्साहाने बोलू लागली. मामलेदार हात जोडून शांतपणे उभे राहिले, बाईचे संपल्यावर पुन्हा विरहात शिरले. तीस वर्षे सरकारी कचेरीत काढल्याशिवाय हा संयम येत नाही.

कराओकेची जन्मकथा मला फार आवडते. ज्या १९७१ साली आपल्याकडे पेटीवरची बंदी उठली, त्याच साली जपानात कोबे शहरी दाइसुके इनोउए नावाच्या वादकाने हे यंत्र बनवले. हा गृहस्थ बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करीत असे. एका छोट्या कंपनीचा मालक त्याचा नेहमीचा चाहता. त्याला सहलीत गायचे होते आणि इनोउएला जाणे शक्य नव्हते. म्हणून त्याने त्या एका माणसासाठी साथ टेपवर भरून दिली. याला कुठे अडखळायला होते, कुठे दम कमी पडतो, हे सगळे त्याला पाठ होते. म्हणजे बघा, कराओकेचा पहिला ट्रॅक भरला तो गाणाऱ्याला सांभाळून घेण्याची सवय असलेल्या हातांनीच. पुढे इनोउएने यंत्राचे पेटंट घेतले नाही. २००४ साली त्याला थट्टेतले नोबेल देतात त्यातले शांततेचे पारितोषिक मिळाले. माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवण्याचा नवा मार्ग शोधल्याबद्दल! मामलेदारांच्या शनिवारी मी हे पारितोषिक मनोमन पुन्हा देतो.

मामलेदार तिकीट लावत नाहीत. चहा उलट तेच पाजतात. तिकीट लावणाऱ्यांना मात्र माझी एक सूचना आहे. सांगलीच्या भडंगाच्या पुडीवर आत काय काय आहे ते छापलेले असते: चुरमुरे, शेंगदाणे, तेल, तिखट, लसूण. शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपकाही असतो. ऑर्केस्ट्राच्या फलकावर तसे छापायला काय हरकत आहे? 'ढोलकी : ताजी. कीबोर्ड : ताजा. व्हायोलिन, सतार, बासरी, घंटा : डबाबंद.' ज्याला डबाबंद चालते तो येईल. हिला चालते. मेव्हण्याला तर डबाबंदच आवडते.

सातारचे एक व्हायोलिनवादक माझ्या ओळखीचे आहेत. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. तीस-एक वर्षे ते ऑर्केस्ट्रात वाजवत होते. वडिलांनी मोजलेल्या सातांपैकी ते एक असण्याची शक्यता आहे. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मालकाने त्यांना पुण्याला एका स्टुडिओत नेले, दिवसभर बसवून बारा गाण्यांतली व्हायोलिने त्यांच्याकडून वाजवून घेतली. एकच भाग चार-चारदा वाजवायला लावला, म्हणजे एकाचे चार झाले. एका दिवसाची बिदागी मिळाली, जेवण मिळाले, रात्रीच्या एसटीने घरी आले. पुढच्या हंगामात त्यांना बोलावणे आले नाही. तारखा तर भरपूर लागल्या होत्या. मग त्यांना कळले की ते प्रत्येक तारखेला वाजवतच आहेत.

ते हे रागाने सांगत नाहीत. मुलगा बँकेत आहे, दोन शिकवण्या आहेत, बरे चालले आहे. गेल्या वर्षी मालकाने त्यांना सातारच्या कार्यक्रमाचे दोन पास पाठवले. बायकोला कंटाळा होता, म्हणून मला घेऊन गेले. तिसऱ्या रांगेत मधल्या खुर्च्या. गाणे सुरू झाले आणि ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हा मी." मग थोड्या वेळाने, "हासुद्धा मीच. आणि तो वरच्या सुरात आहे ना, तोही."

गाणारी मुलगी नवीन होती, आवाज गोड होता, पण घाबरलेली. दुसऱ्या अंतऱ्याआधी व्हायोलिनचा तुकडा होता. तो संपायच्या आत, चांगली दोन मात्रा आधी, ती उठली. कर्ण्यातली चार व्हायोलिने आपल्या जागेवर ठाम. ती पुढे, व्हायोलिने मागे. तिने कोपऱ्याकडे पाहिले. कोपऱ्यातल्या पोराने खांदे उडवले. माझ्या शेजारी खुर्चीच्या हातावर त्यांची डाव्या हाताची चार बोटे भराभर हलत होती, आणि उजवा हात मांडीवरून कोपरापर्यंत लांब ओढला गेला.

"तुकडा आखडता घ्यायचा इथं," ते पुटपुटले. "निम्मा सोडायचा आणि तिला सूर द्यायचा. कुणाला कळत नाही."

मुलगी कशीबशी सम गाठून उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनीही वाजवल्या. मग मध्यंतर झाले आणि आम्ही चहाला बाहेर गेलो.